परदेशातून : प्रश्नावलीला कुलूप कशाला?

डिसेंबरात धुळ्याला घरी गेले होते, तेव्हा ओळखीच्या एका सरांनी त्यांच्या कॉलेजात बोलायला बोलावलं. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसांचा अभ्यास कसा करतात, हा विषय. आइंडहोवनमध्ये माझं रोजचं काम तेच आहे. शेवटी मी म्हटलं, निष्कर्ष छापतो तशीच प्रश्नावली, मुलाखतींची वर्गवारी कशी केली त्याची यादी, मोजणीच्या स्क्रिप्ट म्हणजे छोटे प्रोग्रॅम, फसलेले प्रयत्न, हे सगळं उघडं ठेवायला हवं. दुसऱ्याला तेच काम पुन्हा करून बघता आलं पाहिजे.

मागच्या बाकावरून एक प्राध्यापक उठले. "मॅडम, तिकडे हे चालत असेल. इथे पोरगी दोन वर्षं घासून प्रश्नावली तयार करते. उघडी टाकली की दुसरा कुणीतरी चार महिन्यांत त्यावर पेपर छापून मोकळा होतो. मग व्हायवाला तिने काय सांगायचं?"

टाळ्या त्यांना पडल्या. मला ते लागलं, कारण ते खोटं नव्हतं. मी भारतात शिकत होते तेव्हा माझ्या सेमिनारच्या अहवालातले आलेख पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या नावावर, रंगसुद्धा न बदलता, मी स्वतः पाहिलेत. तक्रार केली तर "जाऊ दे गं, तुला मार्क मिळालेत ना" असं ऐकायला मिळालं. त्यामुळे बाहेर बसून उपदेश करणाऱ्यांबद्दल आपल्याकडे जी चीड आहे, ती मला कळते. तरीही माझं मत बदललेलं नाही. का, ते नीट मांडावंसं वाटतं.

आपल्याकडे सध्या या क्षेत्राबद्दल दोन सूर ऐकू येतात. एक अभिमानाचा: ओपन सोर्सचं काम जिथे चालतं त्या गिटहब संकेतस्थळावरच्या खात्यांच्या संख्येत भारत अमेरिकेच्या खालोखाल आहे, काही वर्षांत पुढे जाईल. दुसरा वैतागाचा: आपली पोरं नुसता कचरा टाकतात. २०२० च्या ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमाचा टी-शर्ट मिळवण्यासाठी जगभरातल्या प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा, म्हणजे 'माझा हा बदल घ्या' अशा विनंत्यांचा, पूर आला, एखादा शब्द इकडचा तिकडे, कुठे एक टिंब. त्यात आपल्याकडची पोरं पुष्कळ होती. प्रकल्प सांभाळणारी मेंटेनर मंडळी इतकी वैतागली की आयोजकांना तो महिना सुरू असतानाच नियम बदलावा लागला. जो प्रकल्प स्वतःहून हो म्हणेल तिथलंच योगदान धरायचं असं ठरलं. आता त्या महिन्यातल्या भारतीय पुल रिक्वेस्ट कुणी सरसकट मोजल्या, तर आकडा अभिमानाचा निघेल. वाया गेलेल्या वेगळ्या काढल्या, तर लाजेचा. दोन्ही सूर आकड्यांवर उभे आहेत आणि आकडा कसा काढला ते दोन्हीकडे कुणी सांगत नाही.

"भारतीय योगदान" हे मोजतात तरी कसं? कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनात प्रत्येक कमिटबरोबर, म्हणजे नोंदवलेल्या बदलाबरोबर, नाव, ईमेल, वेळ आणि त्या यंत्राचा वेळविभाग नोंदला जातो. आपल्याकडचा वेळविभाग +०५३०. सोपी युक्ती म्हणजे हा आकडा दिसला की माणूस भारतातला धरायचा. पण श्रीलंकेची वेळही हीच आहे. काही यंत्रांवर घड्याळ युटीसीला, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेलाच लावलेलं असतं, म्हणजे पुण्यात बसलेला माणूस कुठलाच राहत नाही. माझ्या कमिटांवर हिवाळ्यात +०१०० आणि उन्हाळ्यात +०२०० उमटतं. साक्री तालुक्यात वाढलेली मी या मोजणीत भारतीय ठरत नाही. माझ्यासारखे हजारो असतील. आता यातलं कोण आत घ्यायचं आणि कोण बाहेर ठेवायचं, हा निर्णय संशोधक घेतो. तो निर्णय पंधरा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये असतो आणि छापलेल्या पेपरमध्ये त्याचं जेमतेम एक वाक्य उरतं.

त्याहून मोठी अडचण नावांची. एकच माणूस घरून एका ईमेलने, कंपनीतून दुसऱ्या आणि कॉलेजच्या जुन्या पत्त्यावरून तिसऱ्या ईमेलने काम करतो. हे तिघे एकच आहेत हे ओळखून त्यांना जोडावं लागतं. मी एका अभ्यासात नाव आणि आडनाव जुळलं की जोडायचं असा नियम लावला होता. युरोपीय नावांवर तो ठीक चालला. पण खानदेशात पाटील, महाजन, चौधरी किती आहेत हे मला वेगळं सांगायला नको, आणि नेमकं मीच ते विसरले. एकाच नावाचे दोन पाटील, एक जळगावकडचा, एक बंगळुरूत नोकरीला, माझ्या तक्त्यात एक झाले. त्यातून प्रकल्पाचा मोठा भार एका माणसावर आहे असा निष्कर्ष निघाला, आणि तो छापून आला.

चूक सापडली ती ब्राझीलमधल्या एका विद्यार्थ्यामुळे. त्याने माझी स्क्रिप्ट घेऊन आपल्या तक्त्यावर चालवली. त्यांच्याकडे सिल्वा आणि सांतोस आपल्या पाटलांइतकेच. त्याला शंका आली, त्याने विचारलं, मी उघडून बघितलं आणि दुरुस्ती छापली. स्क्रिप्ट माझ्या कपाटात राहिली असती तर तो खोटा निष्कर्ष आजही कुणीतरी संदर्भ म्हणून वापरत असता. त्या दिवसापासून मी या बाबतीत हट्टी झाले आहे.

नुसतं मोजून काय निसटतं, ते २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्यांनी पाहिलं. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं छोटं साधन, लिनक्स ही ओपन सोर्स कार्यप्रणाली जिथे चालते तिथे बहुतेक ठिकाणी असलेलं. ते सांभाळणारा माणूस जवळपास एकटा आणि थकलेला. एका टोपणनावाच्या योगदात्याने दोन वर्षांहून जास्त काळ सभ्यपणे काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला म्हणून तो पकडला गेला. समूहाची तब्येत कमिट मोजून ठरवणाऱ्याला तो योगदाता आदर्शच दिसला असता: नियमित, मेहनती, जबाबदारी घेणारा. पत्रव्यवहार वाचणाऱ्याला मात्र दिसतं की काही अनोळखी नावं त्या थकलेल्या माणसावर सतत दबाव टाकत होती. ती पत्रं उघडी होती, म्हणून नंतर जगभरातल्या लोकांनी ती ओळ न् ओळ लावून बघितली.

धुळ्यात हे बोलताना मला राजवाड्यांची आठवण झाली नसती तरच नवल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली आपल्या धुळ्यातच गेले, आणि त्यांनी जमवलेला ठेवा सांभाळायला पुढच्याच वर्षी इथे संशोधन मंडळ उभं राहिलं. हा माणूस गावोगाव फिरून वाड्यांमधली दप्तरं मिळवायचा. मिळालेल्या कागदांवरून थेट इतिहास लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांनी मूळ कागदच छापले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' म्हणून, १८९८ पासून, बावीस खंड. कागद असे वाचले, हा अर्थ असा लावला, हे प्रस्तावनांमधून सांगितलं. त्यांची काही मतं पुढच्यांनी साफ खोडून काढली, आणि खोडून काढता आली कारण साधनं सगळ्यांसमोर होती. साधनं आधी लोकांपुढे ठेवायची ही रीत आमच्या गावाला परदेशातून आणायची गरज नाही.

आणि पांझरा नदीवरचे फड. माझ्या आजोळी बंधाऱ्याचं पाणी फडात यायचं. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा, पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. शेकडो वर्षं हे चाललं. आबा म्हणायचे, "पानी कोना बापनं नही, सर्वासनं शे." पण पाण्याइतकंच नियमांचं ज्ञानही सगळ्यांचं होतं. पाटकऱ्याने कुणाला कधी पाणी सोडलं हे अख्ख्या गावाला कळायचं, म्हणून भांडण झालं तरी मिटायचं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामायिक गोष्टींच्या अभ्यासासाठी: पाट, जंगलं, मच्छीमारीची पाणी. ओपन सोर्सवाल्यांनी त्यांची चौकट पुढे आपल्या समूहांना लावली. मला त्यांच्या सिद्धांताइतकंच महत्त्वाचं वाटतं ते त्यांच्या कामाचं एक साधं अंग. १९९२ पासून त्यांच्या जंगल-अभ्यासाच्या जाळ्यात वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी एकाच नमुन्याचे अर्ज भरले. प्रश्न तेच, व्याख्या त्याच. म्हणूनच एका देशातलं गाव दुसऱ्या खंडातल्या गावाशेजारी ठेवून बघता आलं. प्रत्येकाने आपापली प्रश्नावली कुलपात ठेवली असती तर शंभर सुट्या गोष्टी हाती राहिल्या असत्या.

आता इकडचं. परदेशात सगळं सरळ आहे असा समज कुणी करून घेऊ नये. "मागितल्यास माहिती मिळेल" असं पेपरच्या तळाशी लिहिणारे इथे ढीगभर आहेत. मी तिघांना लिहिलं होतं, एकाचं उत्तर आलं. २०२० मध्ये तर अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, मेंटेनरांना न सांगता मुद्दाम दोष असलेले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवून बघितले, पकडले जातात का म्हणून. विद्यापीठाच्या समितीने ते माणसांवरचं संशोधनच नाही असं ठरवलं होतं. ज्यांनी रात्री जागून ते पॅच तपासले ती माणसं नव्हती का? २०२१ च्या एप्रिलमध्ये कर्नलचे एक प्रमुख मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचं योगदान थांबवलं, जुने पॅच पुन्हा तपासावे लागले आणि पेपर मागे घेण्यात आला. सगळ्या सोयी हाताशी असूनही पद्धत आधी समूहापुढे न ठेवल्याचा हा परिणाम.

सोयींचा फरक मात्र खरा आहे. माझ्या इथे माहिती कशी जपायची, कशी उघडी करायची हे सांगायला पगारी माणूस बसलेला आहे. धुळ्यातल्या त्या पोरीला हॉस्टेलच्या वायफायवर मोठी रिपॉझिटरी, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा सगळा कोडसाठा, उतरवायला रात्र लागते. तिला आणि मला एकच नियम लावणं अन्यायाचं होईल. म्हणून त्या प्राध्यापकांना मी जे उत्तर दिलं ते तत्त्वाचं नव्हतं, व्यवहाराचं होतं. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेतून चालणाऱ्या झेनोडो या संशोधन-साठ्यावर फुकट खातं उघडता येतं. तिथे फाइल ठेवली की कायमचा क्रमांक आणि तारीख मिळते. हवं तर वर्षभर बंद ठेवा, तारीख तुमचीच राहते. चोरी झाली तर दाखवायला पुरावा हातात येतो. आज तो कुणाकडेच नाही. कपाटातल्या प्रश्नावलीवर तारीख कोण मानणार? ते म्हणाले, "पण मार्क पेपरचेच मिळतात ना." बरोबर आहे. ते विद्यापीठांनी बदलायला हवं, आणि प्रबंध तपासताना प्रश्नावली, स्क्रिप्ट मागून घ्यायला तर कुठल्या परिपत्रकाचीही वाट बघावी लागत नाही. गाइडने एवढं जरी मागितलं तरी पुरे.

एक मर्यादा मात्र मी पक्की मानते. पद्धत उघडी करणं म्हणजे माणसं उघडी करणं नव्हे. मराठी भाषांतराचं काम बघणारी मंडळी एखाद्या प्रकल्पात पाच-सात असतात. त्यातल्या कुणाच्या मुलाखतीतलं नाव खोडलं तरी बाकीचे बोलण्याच्या ढबीवरून ओळखतात. ते मुलाखतीचे कागद बंदच राहायला हवेत. प्रश्न उघडे, उत्तरं जपलेली.

कार्यक्रम संपल्यावर ती पोरगी जवळ आली. "ताई, दाखवू का?" गाइडने कुणाला दाखवू नकोस म्हटलेलं, तरी तिने मोबाइलवर प्रश्नावली उघडली. विषय सुंदर: मराठीत सॉफ्टवेअर आणणारे स्वयंसेवक. चौथा प्रश्न मातृभाषेचा, पर्याय तीन: मराठी, हिंदी, इंग्रजी. मी विचारलं, "तू घरी काय बोलतेस?" ती हसली. "अहिराणी." मग जरा थांबून म्हणाली, "पण मी स्वतः भरून बघितली तेव्हा मराठीवरच टिक केली."

फेब्रुवारीत गाइडला समजावून तिने ती प्रश्नावली आपल्या नावाने, तारखेसह उघडी केली. चौथ्या प्रश्नात अहिराणी घालून. महिन्याभरात भुसावळच्या एका मुलाचं पत्र आलं: आमच्या अभ्यासाला वापरू का, आणि आमची लेवा गणबोली यात का नाही? तिने तीही घातली. मग शिरपूरकडच्या एका मैत्रिणीने पावरी सुचवली. परवा तिने मला तिसरी आवृत्ती पाठवली, वर तिघांची नावं आहेत आणि चौथ्या प्रश्नाला आता सहा पर्याय आहेत.