नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

मृत्युपत्राबद्दलचा तुमचा लेख वाचला. तो पटला, पण त्यात नॉमिनीचा, म्हणजे आपल्या पश्चात म्हणून नोंदवून ठेवलेल्या नावाचा, मुद्दा एका ओळीत उरकायला नको होता. आमच्या घरी नेमकं तिथेच अडलं.

काका अचानक गेले. फ्लॅट त्यांच्या कमाईचा, मूलबाळ नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून लग्नाआधी लावलेलं धाकट्या भावाचं नाव तसंच राहिलेलं. सगळ्यांना वाटलं, आता घर त्याचं. प्रत्यक्षात नॉमिनी कायदेशीर वारसांकडे जाईपर्यंत फक्त सांभाळणारा. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केलंय. मृत्युपत्र नसेल तर 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि त्यात पत्नीइतकाच वाटा आईचा. म्हणजे अर्धं घर काकूचं, अर्धं आजीचं! आजीला ते नकोच होतं. तरी हक्कसोडपत्रासाठी 81 वर्षांच्या त्या माउलीला दुय्यम निबंधक कार्यालयात न्यावं लागलं. भांडी घासून झिजलेला अंगठा मशीन घेईना. चार वेळा ओल्या रुमालाने पुसला, पाचव्यांदा उमटला. मुलाच्या घरावरचा हक्क सोडताना ती रडत होती.

साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांच्याही सह्या घेतल्या तरी मृत्युपत्र होतं. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही (केलेली बरी, पुढे शंका काढायला जागा कमी राहते). अभद्र बोलू नकोस म्हणून काका हा विषयच टाळायचे. आम्ही नवराबायकोने मात्र गेल्या दिवाळीत दोघांची मृत्युपत्रं केली आणि लॉकरच्या चावीसोबत कुठे ठेवलीत ते मुलीला दाखवलं.