चूक पोचली, दुरुस्ती अजून वाटेत आहे

मंडळी, हे लिहायला मला वर्ष लागलं. मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. सव्वाचारशे सभासद, निफाड-चांदवडचेही बरेच. ग्रुप काढला तेव्हा विषय साधे होते. डावणी रोगावर काय मारलं, भुरी रोग कुठे दिसला, आज काय भाव निघाला, कोणाकडे क्रेट शिल्लक आहेत. मग हळूहळू पैसे बुडवून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी यायला लागल्या आणि ग्रुपचं मोठं काम तेच होऊन बसलं.

शेतीत नसलेल्यांसाठी सांगतो. द्राक्ष ठेवून देता येत नाही. मण्यात साखर उतरली की माल काढावाच लागतो, वरून अवकाळीची धास्ती. व्यापारी बागेत येऊन सौदा करतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मोजतो. आपला विश्वास बसतो. पुढच्या गाड्यांना चेक देतो. चेक वटत नाही, फोन बंद लागतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, औषधं, मजुरी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या एका कागदावर टांगलेलं असतं. तोवर हा बाबा पुढच्या तालुक्यात नवे सौदे करत असतो. म्हणून ‘या माणसाला माल देऊ नका’ हा निरोप आमच्याकडे फवारणीइतकाच वेळेवर जावा लागतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका रात्री ग्रुपवर फोटो पडला. पिकअपला टेकून उभा असलेला माणूस, निळा चौकड्यांचा शर्ट, हातात द्राक्षाची कात्री. खाली नाव, आडनाव आणि मजकूर: ‘साडेचार लाख बुडवून पळाला आहे, दिसला की धरून ठेवा.’ मी गंगापूर रोडला एका लग्नात होतो. जेवायच्या रांगेत उभ्या उभ्या पाहिलं आणि खाली ‘ठीक’चं अंगठ्याचं चिन्ह, म्हणजे अंगठा दिला. ॲडमिनचा अंगठा म्हणजे लोकांना शिक्का वाटतो, हे मला तेव्हा सुचलंही नाही. घरी पोचेपर्यंत तोच फोटो मला आणखी तीन ग्रुपांवरून परत आला होता.

पैसे बुडाले होते ते खरंच. ज्याचे बुडाले तो माझ्या ओळखीचा, सरळ माणूस. पण फोटो त्या व्यापाऱ्याचा नव्हता. पैसे बुडालेल्याच्या भाच्याने इंटरनेटवर नाव टाकून शोधलं, ज्या फोटोत द्राक्षं दिसली तो उचलला. त्याच नावाचा, त्याच आडनावाचा दुसराच एक छोटा व्यापारी होता तो.

दोन दिवसांनी तो माणूस माझ्या ओट्यावर आला. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यातून त्याने एकेक कागद काढून खाटेवर मांडला. आधार कार्ड, पासबुक, बाजार समितीचा परवाना, प्रत्येकाची झेरॉक्स. म्हणाला, “अण्णा, नाव माझंच आहे. माणूस मी नाही.” आदल्या दिवशी एका गावात त्याची पिकअप अडवली होती, किल्ली काढून घेतली होती. देवळाच्या पारावर चार तास बसवून ठेवलं. कोणीतरी शहाण्याने सरपंचाला फोन लावला म्हणून सुटला. मी पाणी दिलं. त्याने पेला दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायला नाही.

आणि मग मी काय केलं? त्याचं निर्दोषपण सिद्ध करायच्या घाईत त्याच्या आधार कार्डाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. अख्खा नंबर, जन्मतारीख, पत्ता, सगळं दिसत होतं. तो समोर बसून बघत होता, काही बोलला नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला, “अण्णा, आता माझं आधारही फिरतंय.”

मी दोन्ही मेसेज काढून टाकले. ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, ती सोय २०२२ पासून आहे. पण ती आपल्या ग्रुपपुरती. ज्याने फोटो उतरवून घेतला, ज्याने पुढे ढकलला, तिथे माझा हात पोचत नाही.

तेव्हापासून मला रायनपाडा हे गाव सतत आठवतं. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. आपल्या बागलाणच्या पलीकडे, साक्री तालुक्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसं ठार मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढा तालुक्यातून पोटासाठी इकडे आलेली माणसं. त्याच सुमाराला मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं, पोलिसांनी त्यांना वाचवलं. तेव्हा मी चहाच्या टपरीवर म्हणालो होतो की लोक शहानिशा कशी करत नाहीत. आणि माझ्या स्वतःच्या ग्रुपवर ‘दिसला की धरून ठेवा’ असं लिहिलं गेलं, तर मी अंगठा दिला. रायनपाड्यातही सुरुवात धरून ठेवण्यापासूनच झाली होती.

त्या घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, बऱ्याच वेळा फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. चांगलं केलं. पण आमच्या बाबतीत काय झालं बघा. खोटा फोटो पहिल्या रात्रीच धावून गेला होता. आमची दुरुस्ती निघाली दोन दिवसांनी. लोकांनी ती मनापासून पुढे पाठवली, तर तिच्यावरही बऱ्याच वेळा फिरल्याची खूण म्हणजे दुहेरी बाण आला आणि तीही एकेका ठिकाणीच जायला लागली. यंत्राला चूक आणि दुरुस्ती यातला फरक कळत नाही. त्याला फक्त किती वेळा फिरलं ते कळतं.

एका वकील मित्राने धीर दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलंय की सभासदाने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन जबाबदार नाही, दोघांचा मिळून तसा हेतू असल्याशिवाय. गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण होतं. निकाल मला पटतो. पण त्या निकालातल्या ॲडमिनने अंगठा दिला नव्हता, मी दिला होता. आणि ज्याला पारावर बसवलं त्याला मी हा निकाल वाचून दाखवायचा का?

तो फोटो एका मोठ्या सोशल मीडिया प्लॅटफॉर्मवरच्या उघड्या पेजवरही चढला होता. खाली अहिराणीत धमक्या. ‘हात-पाय मोडा’ हे ज्या भाषेत लिहिलं होतं ती कसमादेत, म्हणजे आमच्या कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यात, लहान पोरालाही कळते. मी रिपोर्ट केलं. थोड्याच वेळात उत्तर आलं की मजकूर आमच्या नियमांत बसतो. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कुठल्या माणसाने ते वाचलं की नाही, त्याला मराठी येत होतं की नाही, अहिराणी नावाची भाषा आहे हे तरी ठाऊक होतं का, काहीच कळायला मार्ग नाही. २०२१ च्या आयटी नियमांनी प्रत्येक मोठ्या प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमायला लावलाय. त्याच्या निर्णयावर ३० दिवसांत दाद मागायला सरकारच्या अपील समित्या २०२३ पासून आहेत. हे मला कळलं तेव्हा माझे ३० दिवस उलटून गेले होते. तुम्हाला कधी गरज पडली तर तुमचे जाऊ देऊ नका, म्हणून मुद्दाम लिहितोय.

माझा पुतण्या नाशकात सॉफ्टवेअरचं काम करतो. तो म्हणाला, “काका, आपला स्वतःचा सर्व्हर टाकू. मॅस्टोडॉनसारखा.” मी म्हटलं समजावून सांग. त्याने ईमेलवरून सांगितलं. माझं खातं एका कंपनीचं, तुझं दुसऱ्या, तरी पत्र जातं-येतं, कारण पत्र कसं पाठवायचं याची रीत सगळ्यांची एक आहे. मॅस्टोडॉन हे तसंच, २०१६ मध्ये ऑयगन रॉच्को नावाच्या जर्मनीतल्या तरुणाने सुरू केलेलं. हजारो छोटे सर्व्हर, प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम वेगळे, पण एकमेकांशी बोलतात. बोलायची रीत म्हणजे ॲक्टिव्हिटीपब, २०१८ मध्ये वेबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलेली. फोन नंबर द्यावा लागत नाही. एखादा सर्व्हर विष पसरवायला लागला तर बाकीचे त्याच्याशी व्यवहार तोडतात.

फोन नंबरचं ऐकून मी थांबलो. आमच्या ग्रुपवर अकरा बायका आहेत, त्यातल्या चौघी नवऱ्याच्या मागे एकट्याने बाग सांभाळतात. ग्रुपवर नंबर सगळ्यांना दिसतो. एकीने भाव विचारला की रात्री दहाला अनोळखी फोन. तिने मला हे सांगितलं ते सहा महिन्यांनी, तेही माझ्या बायकोमार्फत. तोवर ती ग्रुपवर नुसती वाचत होती. मला वाटायचं तिला काही विचारायचंच नसतं.

लोक असे स्थलांतर करतातही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं तेव्हा आपल्याकडचे बरेच जण रागाने मॅस्टोडॉनवर गेले. टिकले थोडे. ‘कू’ नावाचं आपलंच ॲप होतं, मराठीतही चालायचं, ते जुलै २०२४ मध्ये बंद झालं. कंपनी गेली की आपण तिथे जमवलेली माणसंही पांगतात. उघड्या रीतीचा हा फायदा मोठा आहे. एक घर पडलं तरी गाव राहतं.

तरीही पुतण्याला मी लगेच हो म्हटलं नाही. मी त्याला एकच विचारलं, तो आधारचा फोटो तुझ्या सर्व्हरवरून सुटला असता तर परत आणता आला असता का? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, नाही. आपण काढलं की बाकीच्या सर्व्हरांना ‘काढा’ असा निरोप जातो. पाळायचा की नाही ते त्यांच्या हातात. शिवाय मॅस्टोडॉनवरचा खासगी निरोप सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतो. म्हणजे कंपनीच्या जागी मी बसणार, आणि मी काय करू शकतो हे मी त्या ओट्यावर पाहिलंय.

आणखी एक गोष्ट मला बोचते. एखाद्या सर्व्हरशी बाकीच्यांनी व्यवहार तोडणं म्हणजे आपल्या भाषेत वाळीत टाकणं. नाशिककरांना हा शब्द शिकवावा लागत नाही. २०१३ च्या जूनमध्ये याच शहरात जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापाने जीव घेतला, मागे जातपंचायतीचा दबाव होता. तिथून अंनिसची (अंधश्रद्धा निर्मूलन समितीची) जातपंचायत मूठमाती मोहीम उभी राहिली, पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला. जातपंचायतही छोटी होती, आपल्या माणसांची होती, स्वतःचे नियम स्वतः करायची. तिचं दुखणं आकाराचं नव्हतं. कारण सांगायचं बंधन नाही, दाद मागायला वरचं दार नाही आणि सोडून जायला जागा नाही, हे होतं. बिघडलेला सर्व्हर तोडावाच लागतो, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्यावरच्या ज्या हजार माणसांनी काही केलं नाही त्यांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवता आलं पाहिजे. मॅस्टोडॉनवर निदान आपल्याला फॉलो करणारी माणसं नव्या सर्व्हरवरच्या खात्याकडे नेता येतात. जुनं लिहिलेलं मात्र तिथेच राहतं.

ग्रुपवर काहींनी दुसरा उपाय सुचवला: सरकारने कंपनीला सांगावं, पहिला मेसेज कोणी टाकला ते उघड कर. २०२१ च्या नियमांत तशी तरतूद आहे आणि व्हॉट्सॲपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. माझ्यामुळे एका माणसाचा जीव धोक्यात आला, तरीही मी या उपायाच्या विरोधात आहे. पहिला कोण हे आम्हाला ठाऊकच होतं, तो आमच्यातलाच होता. त्याने काय बदललं? आणि त्यासाठी सगळ्यांच्या मेसेजवर खूण ठेवायची म्हणजे माझ्या कर्जाचं, पोरीच्या दवाखान्याचं, भावाच्या बोलाचालीचं कुलूपही ढिलं करायचं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. शिवाय १ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या शेतकऱ्यांचं ट्विटर खातं सरकारच्या सांगण्यावरून झाकलं गेलं, संध्याकाळी उघडलं. वरून कोणीतरी कळ दाबतो म्हणजे काय, ते शेतकऱ्याने विसरू नये.

आम्ही अजून त्याच ग्रुपवर आहोत. पुतण्याचा सर्व्हर चाळीस जणांनी चालू केलाय, त्या अकरा बायकांपैकी नऊ जणी तिथे आहेत आणि आता बोलतात. मोठ्या ग्रुपवर तीन गावांचे तीन ॲडमिन केले. माणसाचा फोटो कोणीच टाकायचा नाही. तक्रार टाकायची तर सौदा पावती किंवा न वटलेल्या चेकचा बँकेचा कागद, खाते नंबर झाकून, आणि त्याआधी दोन ॲडमिननी समोरच्याला फोन करून त्याची बाजू ऐकायची. कोणाला काढलं तर कारण ग्रुपवर लिहायचं. चार जण रागावून सोडून गेले. “आमचे पैसे बुडाले, तुम्ही चोराची बाजू ऐकताय,” म्हणाले. त्यांचा राग मला कळतो. त्यातल्या एकाचे पैसे अजून मिळालेले नाहीत.

माझ्या बिलाच्या वहीत मागच्या पानावर मी एक यादी ठेवलीय. तो निळ्या शर्टाचा फोटो मला जिथून जिथून परत येतो, त्याची तारीख आणि गाव. मागच्या आठवड्यात तासगावहून आला. तिकडचा एक बागायतदार विचारत होता, “दादा, हा माणूस कसा आहे? उद्या सौदा करायचाय.” मी दुरुस्तीचा मेसेज पाठवला आणि मग फोनही लावला. म्हटलं, हा नव्हे, याच्याशी खुशाल सौदा करा. तो म्हणाला, “बरं झालं विचारलं.” वहीत ती सव्विसावी नोंद आहे.