एक हजाराचं पेट्रोल आणि बावीस मिनिटं

बावीस मिनिटं! एक हजार रुपयांच्या पेट्रोलला बावीस मिनिटं लागली, आणि हा आकडा मी रागाने फुगवलेला नाही. पंचवीस वर्षं बँकेत कॅशला बसलेली बाई आहे मी. मोजल्याशिवाय मला रागसुद्धा नीट येत नाही.

काल रविवार. नणंदेच्या मुलीचा साखरपुडा, येवल्याला. आमचे हे आदल्या दिवशीच तयारीच्या नावाखाली पळालेले. मी पैठणी नेसून स्टिअरिंगवर, मागे सासूबाई, मांडीवर लाडवांचा डबा. नाशिकहून निघताना काटा पावच्या खाली. म्हटलं निफाडच्या अलीकडे एक मोठा पंप आहे, तिथे गर्दी नसते, आरामात टाकी फुल करू.

आरामात!

पोराने टाकीचं झाकण काढून मशीनच्या डोक्यावर ठेवलं (त्याची दोरी दोन वर्षांपूर्वीच तुटलीय), नोझल पार मुळापर्यंत खुपसलं, "झीरो बघा मॅडम" म्हणाला आणि ट्रिगर दाबला. टक्. बंद. मीटरवर अडतीस रुपये. परत दाबला. टक्. एकसष्ट. परत. टक्. चौऱ्याहत्तर. "मॅडम, टाकी फुल आहे." अरे बाबा, काटा तळाला टेकलाय, फुल कशी असेल? "मग सेन्सर कट मारतोय." पुढच्या दहा मिनिटांत त्याने हे सेन्सरचं पालुपद निदान आठ वेळा लावलं. नोझलमध्ये कसला आलाय सेन्सर! टोकाशी एक बारीक भोक असतं, पेट्रोल वाहायला लागलं की त्यातून हवा ओढली जाते. ते भोक पेट्रोलने झाकलं गेलं की हवा मिळत नाही, आतला पडदा ओढला जातो आणि खटका पडतो. संपलं. वीज नाही, चिप नाही, काही नाही. पेट्रोल नळीतच तुंबून वर आलं तरी नोझलला वाटतं टाकी भरली. दोन महिने हेच भोगतेय, पाठ झालंय मला.

पण ऐकेल तो पोरगा कसला. त्याने गाडी हलवली. सासूबाई आत झुलल्या. "झालं का गं?" मग नोझल उलटं फिरवून धरलं. पंचवीस रुपये सरळ गेले, मला वाटलं जमलं, तेवढ्यात टक्. मग दुसऱ्या मशीनवर गाडी घ्यायला लावली. तिथे तेच. "झालं का गं?" मग कुठल्या व्हिडिओत बघितलं होतं देव जाणे, त्याने नोझल अर्धं बाहेर काढलं आणि ट्रिगर पूर्ण दाबला. टाकीने जी गुळणी टाकली ती थेट माझ्या पदरावर.

पैठणीच्या. पदरावर.

आणि मी अजून श्वास घेतेय तोवर मागच्या पांढऱ्या गाडीतून एक काका उतरले. हॉर्न वाजवून झाला होता, आता सल्ला द्यायला. "ताई, पेट्रोल भरायला सरांना पाठवायचं ना. सर नाहीत का बरोबर? लेडीजना नाही जमत हे."

मला काय नाही जमत? नोझल त्या पोराच्या हातात आहे! तो लेडीज आहे का? मी तिथे फक्त उभी आहे, पैसे देतेय आणि पेट्रोलने भिजतेय. यातलं कुठलं काम सरांनी जास्त चांगलं केलं असतं? आणि सरांना काय कळतं ते मला विचारा. दोन महिने मी घसा कोरडा करून सांगतेय की टाकी नीट भरत नाही, तर सरांचं उत्तर काय? "अगं, तू त्यांना हळू भरायला सांगत नाहीस." गंमत म्हणजे हळू भरलं तर खरंच भरतं. ट्रिगर जेमतेम दाबून, धार करंगळीएवढी ठेवून. पण मशीन मिनिटाला तीस-चाळीस लिटर सोडणारं, मागे रांग लागलेली, अशात कुठला पोरगा करंगळीएवढी धार धरून उभा राहतो? गाईचं दूध काढतोय का तो?

हजारावर मी थांबवलं. काकांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. सासूबाईंनी ऐकलंय, तेवढं पुरे. पोराला एवढंच म्हणाले की या पंपावर पुन्हा पाय ठेवणार नाही, मीच बाहेरची झडप धाडकन लावली आणि निघाले. येवल्यापर्यंत गाडीत पेट्रोलचा भपकारा. साखरपुड्यात माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या. ज्या गावात घराघरात पैठणीचे माग, तिथे मी रॉकेलच्या डब्यासारखी घमघमत बसलेली. औक्षणाच्या वेळी नणंदच म्हणाली, "वहिनी, तू जरा निरांजनापासून लांब उभी राहा." हसली, पण म्हणाली.

आता विषय निघालाच आहे तर सगळ्याच पंपांचं काढते. हवा भरायचं मशीन: बंद. त्यावर खडूने "हवा बंद" असं लिहिलेलं इतकं जुनं की आता ते पंपाचं नाव वाटतं. टॉयलेटची चावी: मॅनेजरकडे. मॅनेजर: जेवायला. पाचशे सांगितले की दोनशेवर थांबून "दोनशे ना मॅडम?" आणि मग उरलेल्या तीनशेला मीटर झीरोला आणतात की दोनशेच्या पुढे चालू ठेवतात, या गोंधळात कॅशियरलाही घाम फुटावा. पाच लिटरचं शिक्क्याचं माप पंपावर असतं, मागितलं की मोजून दाखवायला हवं. एकदा मागून बघा, तुम्ही त्याची किडनी मागितली असा चेहरा होतो. आणि ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ठरलं होतं २०३० चं, ओढून आणलं २०२५ वर, नऊ वर्षांच्या माझ्या गाडीला विचारलं कुणी? माझ्या वहीत अ‍ॅव्हरेज उतरलेलं स्पष्ट दिसतंय. टाकी न भरण्याशी याचा काडीचा संबंध नाही, माहितीय मला. पण राग आहे तो आहे.

सर्व्हिस सेंटरचं तर वेगळंच पुराण. पहिल्यांदा नेली तेव्हा टाय लावलेल्या पोराने टॅबवर काहीतरी टिपलं, संध्याकाळी गाडी धुऊन परत दिली आणि जॉब कार्डावर लिहिलं, तक्रार आढळली नाही. आढळणार कशी, पेट्रोल भरूनच बघितलं नाही! मी म्हटलं, पंप चार बदलले, चारही ठिकाणी टक्, म्हणजे दोष पंपात नाही, गाडीत आहे, एवढं तरी मान्य करा. दुसऱ्यांदा नेली तेव्हा म्हणाले, फिलर नेक, म्हणजे तोंडापासून टाकीपर्यंतची नळी, बदलावं लागेल, कदाचित कॅनिस्टर, कदाचित अख्खी टाकी. अंदाजे अकरा हजार. कदाचित म्हणून अकरा हजार मागायची हिंमत आमच्या बँकेत कुणी केली असती तर ऑडिटने सोललं असतं.

एवढं साधं आहे हो ते. आपल्या पिढीतल्या कुणीही बाईला विचारा. रॉकेलच्या बाटलीत नरसाळं गच्च बसवलं की रॉकेल उतरत नाही, वर गुडगुडत बसतं. नरसाळं बोटभर उचललं की झर्रकन खाली. का? आतली हवा बाहेर पडायला वाट हवी. रेशनच्या रांगेतून आल्यावर आईने सातवीत शिकवलेलं हे. टाकीचंही तेच. पेट्रोल आत जायचं तर आतली हवा आणि वाफ ब्रीदरच्या बारक्या पाइपातून, कोळशाच्या डब्यातून, म्हणजे त्या कॅनिस्टरमधून बाहेर यायला हवी. डबा वाफेतलं पेट्रोल धरून ठेवतो, हवा सोडतो, नंतर इंजिन ते पेट्रोल ओढून घेतं. ती वाट बुजली की टाकी म्हणजे गच्च नरसाळ्याची बाटली. हे टॅबवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, गाडीचं टेक्निकल असतं."

तर आज सकाळी रजा टाकून गेले सातपूरच्या मिस्त्रीकडे. टाय नाही, टॅब नाही, पत्र्याच्या शेडबाहेर तीन रिक्षा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, झाकण उघडताना फुस्स होतं का?" होतं हो, दोन महिने होतंय, कुणी विचारलंच नाही! मग म्हणाला, गाडी मध्ये बरेच दिवस उभी होती का? होती. मे महिन्यात मी लेकीकडे बंगळुरूला, आणि ह्यांना गाडीपेक्षा स्कूटर प्यारी. पाच आठवडे चिक्कूच्या झाडाखाली उभी.

जॅक लावून तो खाली शिरला. कॅनिस्टरचा मोकळ्या हवेकडे जाणारा पाइप सोडवला, तोंडाने फुंकर मारली. गाल फुगले, हवा जाईना. पाइपाच्या तोंडात स्क्रू ड्रायव्हर घातला तर करकर माती पडली. लाल, घट्ट, कुणीतरी बोटाने लिंपावी तशी. कुंभारीण माशी! कुंभारणीचं घर. ते त्याने माझ्या तळहातावर फोडलं तर आत बारके बारके कोळी, पाय दुमडून, एकावर एक रचलेले. पिलांची शिदोरी. अकरा हजारांचं एस्टिमेट, पैठणीचा पदर, पांढऱ्या गाडीतले काका, सगळं या बोटभर मातीपायी. माझा भाचा म्हणाला यात नवीन काही नाही, २०११ मध्ये माझदाने अमेरिकेत हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या, कोळ्यांनी अशाच पाइपात जाळी विणली म्हणून. तिकडे निदान कंपनी पत्र पाठवते. इथे मला सांगतात, लेडीजना जमत नाही.

इथपर्यंत मी जिंकत होते. मग मिस्त्रीने कॅनिस्टर काढला, हातात तोलला, कानाशी हलवला आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, हा जड झालाय. आत पेट्रोल गेलंय. कट पडल्यावरसुद्धा भरता का तुम्ही?"

आता काय सांगू. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही आहे. गाडी घेतल्यापासूनची प्रत्येक फुल टाकी त्यात आहे: तारीख, किलोमीटर, लिटर, अ‍ॅव्हरेज एक दशांशापर्यंत. टाकी ते टाकी हिशोब बरोबर यायचा तर दर वेळी गळ्यापर्यंत भरायला हवी, नाही का? म्हणून खटका पडला की मी म्हणते, "अजून बसतंय का बघ." मग, "राउंड फिगर कर." नऊ वर्षं. कंपनीने ३५ लिटरची सांगितलेल्या टाकीत एकदा ३७.४ बसवलंय मी, आणि वहीत त्याखाली लाल पेनाने रेघ मारलीय, अभिमानाने. ते वरचं पेट्रोल ब्रीदरने थेट कोळशात उतरत होतं. कोळसा भिजला की हवा सोडेना. मिस्त्री म्हणाला, कुंभारीण नसती आली तरी वर्षभरात हेच झालं असतं. ह्यांना फोनवर सांगितलं तर पलीकडून बराच वेळ काही आवाजच येईना. मग कळलं, हसत होते.

जुना कॅनिस्टर लावून बघायचा, नाही चालला तर नवा टाकायचा असं ठरलं. तासभर वाऱ्यावर सुकवला, पाइप साफ केला, तोंडाला बारीक जाळी बांधली. मजुरी तीनशे. चहा त्यानेच पाजला. समोरच्या पंपावर गेले. टाकी फुल म्हटलं आणि छातीत धडधड. एकसलग गेलं हो! मध्ये एक टक् नाही. मीटरवरचे आकडे असे पळत होते की डोळ्यांत पाणी आलं. टक् पडलं ते भरल्यावरच, दोन हजार तीनशे सत्तेचाळीसला. पोरगा म्हणाला, "राउंड फिगर करू मॅडम?" माझ्या घशापर्यंत आलं होतं. गिळलं. वहीत २३४७ लिहिताना हात थरथरला, पण लिहिलं.

मग तो इकडेतिकडे बघायला लागला. मशीनवर, गाडीच्या टपावर, खाली वाकून. "मॅडम, झाकण कुठाय?"

मला वाटलं मिस्त्रीने काढून ठेवलं असेल. फोन लावला. "ताई, सकाळी झडप उघडून बघितली तेव्हापासूनच नाहीये. मला वाटलं घरी ठेवलंय."

म्हणजे तो भपकारा पैठणीचा नव्हताच. निदान सगळा नव्हता. काल येवल्याला जाऊन नाशिकला परत येईपर्यंत टाकी उघडी. झाकण निफाडच्या अलीकडे, त्या मशीनच्या डोक्यावर, आणि झडप मीच धाडकन लावलेली.

हिशोब केलाय. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर, वहीप्रमाणे १७.२ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे चार लिटरच्या वर थोडं, म्हणजे सव्वाचारशे रुपये. नवीन झाकण चारशे ऐंशी. गेले तर पंचावन्न रुपये वाचतात. सध्या टाकीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड आहे.

संध्याकाळी आमचे हे चहा पिता पिता म्हणाले, "अगं, मी जाऊन आणतो ना."

नाही. मेले तरी नाही.