दहा गुंठे

विज्याचा भाचा आयर्लंडमध्ये डब्लिनला नोकरीला आहे. त्यानं तिथल्या मोठ्या दुष्काळाच्या स्मारकाचा, लिफी नदीच्या काठावरच्या पुतळ्यांचा फोटो पाठवला. हाडांचे सापळे झालेली माणसं, गाठोडी छातीशी धरून निघालेली. फोटो कट्ट्यावर फिरला आणि चहा यायच्या आत वाद पेटला.

"पावणेदोनशे वर्षं झाली राव," सुन्या म्हणाला. "आता बक्कळ पैसा आहे त्यांच्याकडे. अजून काय रडतात?"

"झालं काय होतं पण?" दत्तूनं विचारलं. दत्तू आंबेगावचा, घरचा बटाटा.

"१८४५ ला बटाट्यावर रोग पडला. पानं काळी, बटाटा जमिनीतच सडला, गावभर घाण वास," विज्यानं सांगितलं.

"मग करपा म्हण की! ढगाळ हवा पडली की आमचंही शेत चार दिवसांत जातं. म्हणून आम्ही मरतो होय? घरात ज्वारी-बाजरी असतेच की."

इथं नाना पुढं सरकले. त्यांनी शाळेत इतिहास शिकवलाय, थांबत नाहीत. "तिथं तेच नव्हतं दत्तू. कुळानं ओट पिकवायचा तो खंडासाठी, आणि पोट भरायचं बटाट्यावर. लोक मरत होते तेव्हाही धान्य, लोणी, गुरं बोटीतून इंग्लंडला जात होती. सात वर्षांत दहा लाख मेले, तेवढेच किंवा जास्तच परदेशी गेले. १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाख माणसं होती. अख्ख्या बेटावर अजूनही तेवढी नाहीत."

"नाना, १८४७ ला जाण्यापेक्षा येणारं धान्य जास्त होतं." सुन्यानं मोबाईल वर धरला.

"बरोबर. पण उशिरा आलं, आणि विकत घ्यायला खिशात काय होतं? आधी अमेरिकेतून पिवळा मका आणला. लोकांना तो शिजवता येईना, पोटं बिघडली. राज्य इंग्रजांचं, त्यांचा पंतप्रधान पील, म्हणून त्या मक्याला 'पीलचं गंधक' म्हणायचे."

मला आमची आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळाचं ती एवढंच सांगायची, "तो लाल मिलो!" आणि तोंड वाकडं करायची. मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली ज्वारी. पुढं एक शब्द नाही.

"आणि १८४७ लाच कायदा आला," नाना म्हणाले. "पाव एकरापेक्षा जास्त जमीन धरून असेल त्याला सरकारी मदत नाही."

दत्तूनं ग्लास खाली ठेवला. "पाव एकर म्हणजे दहा गुंठे. म्हणजे आधी जमीन सोड, मग खा?"

"हो. तेव्हा लंडनच्या खजिन्यातून ही मदत हाताळणारा ट्रेव्हेलियन. पुढं मद्रासचा गव्हर्नर होऊन आला तोच."

सुन्या हटेना. "मग रडायचा हक्क गेलेल्यांना. ते तर अमेरिकेत मोठे झाले."

विज्या म्हणाला, "मुलगा अमेरिकेला निघाला की आदल्या रात्री घरात मयताचं जागरण करायचे. तो समोर जिवंत बसलेला. परत दिसणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक."

"तुझा भाचा रोज व्हिडिओ कॉल करतो," सुन्या म्हणाला. सगळे हसले. विज्या नाही हसला.

"गेले त्यांनी बोलून दाखवलं," नाना म्हणाले. "राहिले ते मात्र गप्प. १९४५ ला तिथल्या लोककथा आयोगानं गावोगाव आठवणी विचारल्या. बऱ्याच जणांचं उत्तर काय? आमच्याकडे एवढं नव्हतं, शेजारच्या गावात फार हाल झाले."

दत्तू मघापासून दहा गुंठ्यांतच अडकला होता. "नाना, ती सोडलेली जमीन गेली कुठं?"

"बरीचशी मालकांनी गुरांच्या कुरणात घातली. काही शेजाऱ्यांनी घेतली."

"मग सांगतील कसे?" दत्तू म्हणाला, आणि चहाचे पैसे द्यायला उठला.