नदी एकच आहे, मग तपासणी तुकड्यातुकड्यांत का?

पुण्यात नदीकाठी सध्या काय काय चाललंय, याची एकदा कागदावर यादी करून बघा. 44 किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प. डेक्कनच्या मागून मुठेच्या पात्रातून गेलेली मेट्रो. जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जातून होणारी 11 मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं. नवे पूल, पात्राकडेचे रस्ते, काठावर उगवणारे टॉवर. शिवाय पिंपरी-चिंचवडची पवना, इंद्रायणी आणि मुळेच्या पलीकडच्या काठाची कामं वेगळीच. यातलं प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या टेबलावरून मंजूर होऊन आलंय. पण ही सगळी मिळून नदीचं काय करणार, हा प्रश्न कुठल्याच टेबलाच्या वाट्याला आलेला नाही.

माझा राग नेमका यावर आहे. एकेका प्रकल्पावर भांडून आपण दमतो, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

मुळा नदीचंच बघा. वाकडपासून सांगवीपर्यंत जाल तर एक काठ पिंपरी-चिंचवड महापालिकेचा, दुसरा पुण्याचा. पुढे खडकी कॅन्टोन्मेंट येतं. वर मुळशी धरण टाटांचं, पवना धरण जलसंपदाचं. दापोडीला पवना मुळेत येते, संगमवाडीला मुठा. मुळेला पूर असला की मुठेचं पाणी संगमापाशी तुंबतं आणि मागे फुगतं, हे काठावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. म्हणजे सांगवी-दापोडीकडे भराव टाकून पात्र आवळलं तर त्याचा ताप मुठेकाठच्या वस्तीला होऊ शकतो. हे गणित कोण मांडणार? प्रत्येक जण आपापल्या हद्दीपुरतं बघतो. पाणी हद्द बघून थांबत नाही.

कायद्यात यासाठी काहीच नाही असं नाही. केंद्राच्या 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत मंजुरीच्या अर्जाचा जो फॉर्म-1 आहे, त्याचा नववा भाग जरूर वाचा. जवळपासच्या चालू आणि नियोजित प्रकल्पांबरोबर मिळून एकत्रित परिणाम होईल का, असं तिथे सरळ विचारलंय. बाजूला हो किंवा नाही, आणि पुढे तपशिलाचा रकाना. भरतो कोण? ज्याला प्रकल्प करायचाय तोच. शेजारची महापालिका काय करते आहे, वरच्या धरणातून किती पाणी सुटू शकतं, हे त्याने स्वतःहून शोधून लिहावं अशी अपेक्षा. असा रकाना प्रामाणिकपणे भरला जाईल यावर माझा अजिबात विश्वास नाही. भरणाऱ्याची नियत चांगली असली तरी त्याच्याकडे सगळ्या नदीची माहिती नसते.

त्यात मेट्रोसारखे रेल्वे प्रकल्प या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत, त्यामुळे त्यांना पर्यावरण मंजुरी लागतच नाही. नदीकाठ सुधार प्रकल्प बांधकाम आणि क्षेत्रविकासाच्या गटात बसवला गेला, आणि त्या गटाला जनसुनावणीतून सूट आहे. 44 किलोमीटर नदी बदलायची आणि काठच्या माणसाला सुनावणीत उभं राहून बोलायचा हक्क नाही! नदीपासून किती अंतरावर कुठले उद्योग चालतील हे ठरवणारं नदी नियमन क्षेत्राचं धोरण राज्यात होतं, 2000 साली आलेलं. तेही 2015 मध्ये रद्द केलं गेलं.

25 जुलै 2024 आठवतोय ना? सिंहगड रस्त्यावर मुठेकाठच्या एकता नगरीत पाणी शिरलं. वरच्या खडकवासला धरणातून विसर्ग होता साधारण 35 हजार क्यूसेक. पाणी ओसरल्यावर मी तिथे एका मित्राकडे गेलो. पार्किंगमध्ये पाऊल बुडेल एवढा गाळ, मीटरच्या पेटीवरही चिखलाचा थर, तळमजल्यावरच्या आजींच्या गाद्या, धान्याचे डबे आणि फ्रीज रस्त्यावर काढून ठेवलेले. जो तो एकच विचारत होता, पूर्वी एवढ्या पाण्याला इथे काही होत नव्हतं, मग आता का? उत्तर एका शब्दात मिळणार नाही. धरणाच्या खालच्या ओढ्यांचं पाणी, पात्रात वर्षानुवर्षं पडलेला राडारोडा, भराव, बांधकामं, विसर्गाची वेळ, सगळंच त्यात आहे. एकेकटं बघितलं तर यातलं प्रत्येक कारण किरकोळ ठरतं, म्हणून तर कुणालाच जबाबदार धरता येत नाही.

नदीचा एकत्र अभ्यास म्हणजे काहीतरी परदेशी खूळ, असंही कुणी म्हणू नये. 2013 च्या केदारनाथच्या प्रलयानंतर सर्वोच्च न्यायालयाने अलकनंदा आणि भागीरथीवरच्या जलविद्युत प्रकल्पांचा एकत्रित परिणाम तपासायला लावला होता. त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानेही जलविद्युतसाठी खोरेनिहाय अभ्यासाची अट घातली. हिमालयातल्या नदीला जे लागू, ते लाखो माणसं काठावर राहणाऱ्या मुळा-मुठेला का नको?

‘मग विकासच थांबवायचा का’ हा प्रश्न कमेंटमध्ये येणार, म्हणून आत्ताच सांगतो. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं हवीत, उलट ती आधी हवी होती. नदीकाठी चालायला जागा मला पण हवी आहे. उशीर होईल ही भीती असेल तर नदीकाठ प्रकल्पाकडेच बघा. पर्यावरण मंजुरी 2019 ची, भूमिपूजन मार्च 2022 मध्ये, आणि तेव्हापासून हरित लवादाच्या फेऱ्या, झाडांसाठी रस्त्यावर उतरलेली माणसं, काम चालू-बंद. सुरुवातीलाच एकत्र अभ्यास केला असता तर यातला बराच वेळ वाचला असता.

मागणी साधी आहे. दोन्ही महापालिका, कॅन्टोन्मेंट, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), जलसंपदा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी धरणांच्या पायथ्यापासून भीमेच्या संगमापर्यंत एकच नकाशा करावा. चालू, मंजूर आणि प्रस्तावित अशी सगळी कामं त्यावर असावीत. पुराचं गणित सगळी कामं पूर्ण झाली आहेत असं धरून, मुळा, मुठा, पवना या तिन्ही नद्यांना एकदम पाणी आलंय असं धरून मांडावं. ते गणित प्रकल्पाच्या सल्लागाराने नाही, तर त्यात हितसंबंध नसलेल्या संस्थेने करावं. आकडे मराठीत, सगळ्यांना बघता येतील असे ठेवावेत. आणि हे होईपर्यंत पात्रात नवा भराव नको.

या अभ्यासावर लोकांची सुनावणीही घ्या, पण ती फक्त पुण्यातल्या सभागृहात घेऊ नका. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि हेच पाणी पुढे उजनीत जातं. आपल्या मैल्याचा वास दौंड-शिरूरची गावं वर्षानुवर्षं सोसत आहेत, आणि सोलापूर उजनीचं पाणी पितं. या प्रकल्पांबद्दल त्यांना आजवर कुणी विचारलंय? एक सुनावणी तिकडे दौंड तालुक्यात, काठावरच्या एखाद्या गावात लावा. पुण्यातून अधिकारी तिथे जाऊ देत, आणि आपल्यातलेही काही जण ऐकायला जाऊ.