तळघरातली सायकल

फोंड्याला आमच्या घरच्या सोसायटीत गेले दोन महिने एक वाद धुमसतो आहे. इमारतीखाली खांबांच्या मधल्या जागेत मुले सायकली उभ्या करतात, त्यामुळे चारचाकी लावायला अडचण होते, तेव्हा सर्व सायकली तळघरात हलवाव्यात, असा ठराव आला आहे. इमारत उतारावर असल्याने मागच्या अंगाला तळघर आयतेच मिळालेले आहे. तिथे पाण्याचा पंप आहे, उरलेल्या फरशा आहेत आणि पावसाळ्यात घोटाभर पाणीही असते. ठरावाच्या बाजूने बोलताना दादाने माझाच दाखला दिला, की आमचा धाकटा हॉलंडला असतो आणि तिथे सगळे सायकली तळघरातच ठेवतात. दाखला अर्धाच खरा आहे.

उट्रेख्तमधली आमची इमारत १९६०च्या दशकातली असून प्रत्येक बिऱ्हाडाला अर्धवट जमिनीखाली एक लहान खोली आहे. तिथे जायला अकरा पायऱ्या, भिंतीलगत चाक घालण्यासाठी पत्र्याची अरुंद पन्हळ आणि पुढे आपोआप मिटणारी दोन दारे. वीस किलोची सायकल वर ढकलताना पेडल भिंतीला घासते, हँडल एका हाताने सावरावे लागते आणि दार कमरेने अडवून धरावे लागते. (भिंतीवर पेडलच्या उंचीला उमटलेली काळी रेघ साठ वर्षांची साक्ष देते.) परिणाम असा, की शेजारपाजारचे सर्वजण चांगली सायकल खाली ठेवतात आणि रोज वापरायची खटारा सायकल बाहेर कठड्याला साखळीने बांधतात. माझी खालची सायकल गेल्या वर्षी चारदा वर आली असेल.

या देशाने जे खरोखर साधले आहे ते निराळेच आहे. २०१२च्या बांधकाम नियमांनी नव्या घरांसाठी सामान-सायकलींची किमान पाच चौरस मीटरची जागा पुन्हा सक्तीची केली. उट्रेख्त स्थानकालगतचा साडेबारा हजार सायकलींचा तळ २०१९ साली पूर्ण झाला, आणि त्याचाही काही भाग जमिनीखालीच आहे; पण तिथे सायकलवर बसूनच सौम्य उतारावरून आत जाता येते. जमिनीखाली असण्याला माझी हरकत नाही, हरकत पायऱ्यांना आहे.

शिवाय गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, इथल्या तिपटीहून अधिक. त्या ओलीत साखळी गंजेल, आणि दहा वर्षांचे मूल फरशांमधून वाट काढत सायकल वर आणण्यापेक्षा आईला स्कूटरवर सोडायला सांगेल. पहाटे पाव घेऊन येणारा पोदेर आपली सायकल दारातच टेकवतो, त्याला हा प्रश्न कधी पडलेला नाही.

मी दादाला कळवले, की फाटकाजवळची एका गाडीची जागा सोडा, तिथे आठ-दहा सायकली सहज मावतील. त्याने विचारले, गाडी कोणाची हलवायची? फाटकाजवळ लागते ती त्याचीच.