पणजोबा बसऱ्याला गेले, पण बंदूक घेऊन नाही

महिनाभरात हा मेसेज चार ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या भावकीचा. म्हणे पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मराठवाड्यातल्या रेल्वे कामगारांना धरून नेलं, हातात बंदुका दिल्या, सगळे गोळ्या खाऊन शहीद झाले आणि त्यांची नावं इंडिया गेटवर कोरली आहेत. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

माझे पणजोबा सेलू-परतूर पट्ट्यात गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार होते. बसऱ्याकडे, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले ते परत आलेच नाहीत. म्हणून ह्या मेसेजला ‘जय हिंद’ टाकून पुढे जाणं मला जमत नाही.

‘धरून नेलं’ हे आधी घेऊ. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. निजाम इंग्रजांच्या बाजूने होता हे खरं. युद्धातल्या मदतीपायीच १९१८ मध्ये त्याला ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा किताब मिळाला. पण सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा १९१७ मध्ये आला तो हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्यांसाठी. पंजाबात गावागावांवर भरतीचे आकडे लादून दांडगाई झाली, ती नाकारत नाही. आमच्या घरातली गोष्ट मात्र पेशगीची, म्हणजे आगाऊ मिळालेल्या पैशाची आहे. त्या पैशातून एक म्हैस घेतली, आणि म्हशीची आठवण पणजोबांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त टिकली.

आता बंदूक. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, नद्यांना पूर आला की रस्ते चिखलात जायचे, बोटी अपुऱ्या पडायच्या. म्हणून रूळ टाकायचं ठरलं. १९१६ च्या अखेरीस बसरा ते नासिरिया गाडी धावू लागली, तीही मीटर गेजवर, कारण इंजिनं, डबे, रूळ सगळं हिंदुस्थानातूनच उचलून नेलं होतं. मनमाड-सिकंदराबाद लाइनही तेव्हा मीटर गेजच. पहार, स्लीपर, खडी, सगळं ओळखीचं. फक्त बाभळीच्या जागी खजूर. मेसोपोटेमियाला हिंदुस्थानातून गेलेल्यांपैकी जवळपास निम्मी माणसं अशीच बिनलढाऊ होती. लष्करी कायदा त्यांनाही लागू होता, नंबर त्यांनाही होता.

आमच्याकडे त्यांचं पदक आहे, आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, हळदीकुंकवाच्या डबीखाली. ते तांबूस आहे. चुलते वर्षानुवर्षं म्हणायचे, सोनाराने चांदीचं बदलून घेतलं. बिचारा सोनार! लढणाऱ्या शिपायांना ते चांदीचं मिळालं, लेबर कोअरवाल्यांना, म्हणजे मजुरांच्या तुकड्यांना, ब्राँझचं. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, नाव आणि लेबर कोअर असं कोरलंय. भिंगाने दहा मिनिटं बघितलं तेव्हा नाव लागलं, तेही स्पेलिंग चुकलेलं.

‘गोळ्या खाऊन’ हेही सगळ्यांचं खरं नाही. त्या आघाडीवर कॉलरा, हगवण आणि उन्हाने फार माणसं नेली. बगदाद जिंकणारा जनरल मॉडसुद्धा नोव्हेंबर १९१७ मध्ये कॉलऱ्यानेच मेला. पणजोबांबद्दल घरी ‘तापाने गेले’ एवढंच सांगतात. तापाने मेलेला माणूस कमी मेलेला असतो का?

राहिलं इंडिया गेट. ते स्मारक सत्तर हजारांहून जास्त भारतीय सैनिकांचं, पण त्यावर कोरलेली नावं तेरा हजारांच्या आसपास, आणि त्यांत मोठा भरणा वायव्य सरहद्द आणि १९१९ च्या अफगाण युद्धातल्यांचा. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांवर माणसांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याचं स्मारक उभं राहिलं. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदुस्थानी शिपायांचे पलटणीगणिक फक्त आकडे. मेलेल्यांना अशी वेगळी वागणूक दिल्याबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये माफी मागितली. मेसेज लिहिणाऱ्याला संतापच करायचा होता, तर ही जागा होती.

पदकाच्या कडेचा फोटो मी भावकीच्या ग्रुपवर टाकलाय. दोन अंगठे आले. वर तो मेसेज अजून पिन करून ठेवलेला आहे.